चौथी लाइन

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला,
जहाजी मालाची कागदपत्रं करणारी कंपनी.
साहेब म्हणाले, काही माणसं आता घरून काम करतील,
तू फक्त दार करून दे.

दार म्हणजे साडीच्या खोक्याएवढा राउटर,
चार मॉडेम, टेलिफोनच्या चार लाइनी.
लाइनमन खरटमोलांना दोनदा चहा, एकदा उसळपाव,
तेव्हा कुठे चौथीत डायलटोन आला.

निळी केबल लावून काळ्या पडद्यावर लिहीत गेलो:
कुणाला आत घ्यायचं, घेतल्यावर कुठला पत्ता द्यायचा,
किती मिनिटं गप्प राहिला तर बाहेर काढायचं.
साहेब म्हणाले पाच. मी दहा ठेवली.
घरी दूध उतू जातं, दारावर कुणी येतं.

वसईच्या फिलोमिना घोन्साल्विसला एसटीडी पडतो,
म्हणून तिच्या नावापुढे कॉलबॅक.
ती फोन करणार, राउटर तिला ओळखणार, फोन ठेवणार
आणि आपणहून उलटा फोन लावणार.
माणसांनी शिकावी अशी रीत आहे, मी म्हणालो.
ती म्हणाली, बिल कोण भरणार ते सांग.

मुलुंडहून पोंक्षे, पाय प्लास्टरमध्ये.
मानखुर्दहून निगार, तिचा फोन खालच्या दुकानाशी पॅरलल;
तुरडाळीचा भाव विचारायला कुणी उचलला
की इकडे भर समुद्रात कंटेनर अडकायचा.

आठवडाभर सगळं सुरळीत. मग लॉग वाचला.
लाइन चार, रात्री दोन चाळीस. रिंग. उचलला.
आपल्या मॉडेमने शीळ घातली, पलीकडून उत्तर नाही.
साठ सेकंद. कट.
दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्याही.

साहेबांना चोर वाटला. मी सगळे पासवर्ड बदलले.
पण चोर निदान नाव तरी टाकून बघतो,
हा नुसताच दाराशी उभा.

शुक्रवारी थांबलो. चौथीचा मॉडेम काढला,
स्टोअरमधला जुना लाल फोन लावला,
आणि पंख्याखाली ग्लुकोज बिस्किटं खात बसलो.

दोन एकेचाळीस.
उचलला. बोललो नाही.
पलीकडे कुणी खोकलं. नीट, मोजून, तीनदा.
मग बाईचा आवाज, बराच जुना:
‘आज मशीन नाही का?’

हा नंबर पूर्वी बोरा बाजारातल्या एका दवाखान्याचा.
डॉक्टर गेले, दवाखाना मिटला,
नंबर फिरत फिरत आमच्याकडे आला.
तिला कुणी कळवलं नव्हतं.

‘नवं मशीन बसवलंत ना डॉक्टरांनी, फोनवरून तपासणारं.
मी खोकते. ते आधी किंचाळतं,
मग खरखरतं, मग एकदम शांत होतं.
शांत झालं म्हणजे छाती बरी आहे, असं मी धरते.
मग डोळा लागतो.’

माझ्या मांडीवर मॅन्युअल उघडं होतं.
दोन मॉडेम भेटले की आधी एकमेकांना विचारतात,
तुला किती वेगात बोलता येतं,
आणि जो हळू, त्याच्या चालीवर दोघं ठरतात.
तो धडा मी चारदा वाचला होता.

म्हणालो, मशीन दुरुस्तीला काढलंय. उद्या येईल.
‘मग आज तुम्हीच सांगा,’ म्हणाली, आणि पुन्हा खोकली.
मी ऐकलं. मला काय कळणार?
बरं आहे, म्हणालो.
तिने फोन ठेवला.
नाव विचारायचं राहिलं, नंबरही.
उलटा फोन लावायचा तर कुठे?

सकाळी साहेबांना सांगितलं, चौथी लाइन खराब आहे,
तिघींवर भागेल.
मॉडेम परत जागेवर लावला.
राउटरमध्ये लाइनीला वर्णन द्यायची सोय असते,
तिथे रोमन लिपीत लिहिलं: तपासणीसाठी. काढू नये.
शिळेनंतर थांबायची मुदत साठ सेकंद होती,
ती नव्वद केली.

पोंक्षे अजून कुरकुरतो,
संध्याकाळी लाइन बिझी लागते म्हणून.